भाडेकरूबरोबर कुत्रा-मांजर असेल तर घर देताना काय विचारावं, काय लिहून घ्यावं?

उंबरठा

माझं दोन खोल्यांचं एक घर आहे, ते मी भाड्याने देते. आजवर जाहिरातीत शेवटची ओळ ठरलेली असायची, 'पाळीव प्राणी चालणार नाहीत'. या वेळी ती ओळ काढून टाकली. का काढली ते आधी सांगते आणि मग तुमचा सल्ला हवा आहे, कारण दोन चौकश्या आल्यात आणि दोन्हींकडे प्राणी आहेत.

आधीचे भाडेकरू तीन वर्षं राहिले. भाडं वेळेवर, कधी कटकट नाही. जाताना मी रिकाम्या घरातून फिरून आले, भिंती ठीक, नळ ठीक, लगेच अनामत परत केली. पंधरा दिवसांनी पावसाची झड लागली आणि बंद घराचं दार उघडलं तर आतल्या खोलीतून असा वास आला की डोळ्यांत पाणी यावं. मला वाटलं ड्रेनेज तुंबलं. प्लंबरला बोलावलं. त्याने मोरीची जाळी उचलून बघितली, पाणी सोडून बघितलं, मग सरळ आतल्या खोलीत जाऊन गुडघ्यांवर बसला, फ्लोअरिंगच्या कडेला नाक नेलं आणि विचारलं, "मांजर होतं का हो घरात?"

होतं. जिन्यातल्या सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून.

लॅमिनेटच्या फळ्या उचकटल्या. भिंतीतल्या कपाटाशेजारच्या कोपऱ्यातल्या पाच-सहा फळ्या भिजलेल्या पुठ्ठ्यासारख्या कडेने फुगल्या होत्या. खालचा पातळ फोम तपकिरी पडलेला, आणि त्याच्याही खाली काँक्रीटवर मिठासारखे पांढुरके कण. पाण्याने धुतलं, फिनेल टाकलं. वाळलं की वास जायचा, हवा दमट झाली की पुन्हा हजर.

रागाने भाडेकरू बाईंना फोन लावला. त्या आधी गप्प राहिल्या, मग रडायलाच लागल्या. म्हणाल्या, "तुम्ही नको म्हणाला होतात, म्हणून त्याचा शी-शूचा ट्रे कपाटाशेजारी पडद्याआड ठेवायचो. तुम्ही येणार असलात की त्याला बहिणीकडे नेऊन ठेवायचं. तो ट्रेच्या बाहेर जायला लागलाय हे आम्हाला दुसऱ्या वर्षीच कळलं होतं. पण तुम्हाला सांगणार कसं?"

ते शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना. माझ्या अटीमुळे मांजर घरात यायचं थांबलं नव्हतं, फक्त ते आल्याचं मला कळायचं थांबलं होतं. दुसऱ्या वर्षी कळलं असतं तर दोन फळ्यांवर भागलं असतं. आणि त्या मुक्या जिवालाही काही होत असेल, त्याच्याकडे कुणी वेळेवर बघितलं असतं.

आता पहिल्या चौकशीत एक बाई आणि त्यांची बारा वर्षांची कुत्री. दुसऱ्या चौकशीत एक जोडपं आणि दोन मांजरं. दोघांनीही पहिल्याच फोनवर स्वतःहून सांगितलं. मला हो म्हणायचंय, पण डोळे मिटून नाही. काय विचारू? करारात काय लिहू? आणि तो वास कसा घालवू?

पायवाट

मी दुसऱ्या बाजूची, भाडेकरू. माझ्याकडे साधा गावठी कुत्रा आहे, सहा वर्षांचा.

मागच्या वेळी घर शोधत होते तेव्हा एजंटने समजावलं, "कुत्र्याचं सांगू नका. आधी सामान लावा, एक-दोन महिने जाऊ द्या, मग हळूच आणा. मालक काय हाकलून थोडाच देणार?" तो वाईट माणूस नव्हता, रोज हेच बघत होता. मी नाही म्हटलं, कारण लपवलेल्या कुत्र्याचं आयुष्य कसं असतं ते मी मैत्रिणीच्या घरी बघितलं आहे. त्याला पहाटे अंधारात आणि रात्री उशिरा, दोनदाच बाहेर नेत असत. बेल वाजली की तोंडावर हात. कुत्र्याला सगळं कळतं. तो दाराच्या आवाजाला थरथरायला लागला होता.

मी खरं सांगत राहिले आणि सतरा ठिकाणी नकार घेतला. निम्म्या लोकांनी 'कुत्रा' हा शब्द ऐकताच फोन ठेवला. अठराव्या घराच्या मालकांनी विचारलं, "दिवसभर तो एकटा असतो का?" इतकाच प्रश्न. पण त्यावरून मला कळलं की हे घर मिळणार, कारण हे उत्तर ऐकणार आहेत.

तेव्हापासून मी एक पातळ फाइल ठेवते. लसीकरणाचं कार्ड, नसबंदीचा कागद, डॉक्टरांचा नंबर, मी नसताना त्याला सांभाळणाऱ्या शेजाऱ्यांचं नाव, आणि आधीच्या मालकांनी हाताने लिहिलेलं पत्र. त्यात एवढंच आहे की घर जसं दिलं तसं परत मिळालं, दाराच्या चौकटीला ओरखडे होते, ते भाडेकरूने स्वतः भरून रंगवून दिले. मला वाटतं, त्या ओरखड्यांच्या उल्लेखामुळेच ते पत्र खरं वाटतं.

उंबरठा, तुमच्या दोन्ही चौकश्यांनी पहिल्या फोनवर सांगितलं, याला फार किंमत द्या. असं सांगून त्यांनी आधी किती घरं गमावली असतील, ते त्यांनाच ठाऊक.

कडीकोयंडा

मी नकार देणाऱ्यांपैकी आहे आणि माझी बाजूही ऐका.

वरच्या मजल्यावर आम्ही राहतो, खालचं भाड्याने देतो. दार एक, जिना एक. आईला दमा आहे आणि मांजराची जबर अ‍ॅलर्जी. बऱ्याच जणांना वाटतं, केस झाडले की झालं. पण ही अ‍ॅलर्जी मुळात केसांची नसतेच. मांजराच्या लाळेत आणि कातडीतल्या ग्रंथींत 'फेल डी १' नावाचं प्रथिन असतं. मांजर अंग चाटतं, ते प्रथिन केसांवर वाळतं आणि इतक्या बारीक कणांनी हवेत मिसळतं की कपड्यांवर बसून दुसऱ्या मजल्यावरही पोचतं. मांजर घरातून गेल्यावरही गाद्या-गालिच्यांमध्ये महिनोन् महिने टिकतं. म्हणजे खाली मांजर आलं तर वर आईचा श्वास अडकणार, आणि ते गेल्यावरही काही महिने तेच.

म्हणून मी मांजराला नाही म्हणतो, पण कारण सांगून म्हणतो. कुत्रा घेऊन आलेल्या एका कुटुंबाला मात्र घर दिलं होतं आणि ते चार वर्षं उत्तम राहिले. सरसकट बंदी आणि कारण असलेला नकार यात मी फरक करतो.

आणखी एक. उंबरठा, तुमच्या घरात मांजर होतं हे पुढच्या प्रत्येक भाडेकरूला सांगा. त्यांच्यात एखादं दम्याचं मूल असू शकतं.

रानजाई

प्राण्यांची डॉक्टर आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी वास. लघवीतल्या युरियाचं जिवाणूंमुळे विघटन होऊन अमोनिया तयार होतो, डोळ्यांना झोंबतो तो हा. शिवाय मांजराच्या लघवीत फेलिनीन नावाचा पदार्थ असतो, त्यातून गंधकाची संयुगं सुटतात, आणि नसबंदी न झालेल्या बोक्यात त्याचं प्रमाण सगळ्यात जास्त. काँक्रीटवरचे पांढुरके कण म्हणजे बहुधा वाळलेले क्षार, त्यात युरिक आम्लाचेही असतात आणि ते साध्या पाण्यात नीट विरघळत नाहीत. ओल मिळाली की वास पुन्हा सुटतो. म्हणून पावसातच उठतो.

यावर एन्झाइम असलेलं क्लीनर हाच उपाय. लघवी जितकी खोल मुरली तितकं खोल ते पोचलं पाहिजे, म्हणून पुसायचं नाही, ओतायचं. वर ओलं कापड टाकून बाटलीवर लिहिलेला पूर्ण वेळ ओलं ठेवायचं आणि मग आपोआप वाळू द्यायचं. डाग कुठवर आहेत ते रात्री दिवे बंद करून अल्ट्राव्हायोलेट टॉर्चने बघा, पिवळट हिरवे चमकतात. काँक्रीट पूर्ण कोरडं झाल्यावर सीलरचा हात द्या आणि मगच नवीन फ्लोअरिंग. ब्लीच अजिबात वापरू नका. लघवीतल्या अमोनियाशी त्याची क्रिया होऊन क्लोरामाइनचा विषारी धूर होतो. आणि वाफेच्या यंत्राने गालिचा धुवायला जाल तर उष्णतेने वास धाग्यांत आणखी पक्का बसतो.

आता त्या बोक्याबद्दल. एक वर्ष नीट ट्रे वापरणारं मांजर अचानक बाहेर जायला लागतं तेव्हा ते माजलेलं नसतं. मूत्राशयाला सूज, खडे, सांधेदुखी, मधुमेह, घरातला ताण, यातलं काहीतरी असतं. बोक्याची लघवी पूर्ण अडली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. वारंवार ट्रेमध्ये जाऊन कुंथणारा बोका दिसला तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. तुमच्या भाडेकरूंना खात्रीने बोलायला कुणी असतं तर त्यांनी ते लवकर दाखवलं असतं असं मला वाटतं.

दोन मांजरांच्या जोडप्याला हे विचारा: दोघांची नसबंदी झाली आहे का? (झाली असेल तर लघवीचे फवारे मारण्याची सवय बहुतेक बोक्यांत सुटते.) ट्रे किती? दोन मांजरांना तीन ट्रे असं आम्ही सांगतो, मांजरांपेक्षा एक जास्त, आणि तेही घराच्या एकाच कोपऱ्यात ओळीने नकोत. नखं घासायला खांब किंवा जाड दोराची पाटी आहे का? मांजर नखं घासतंच, ती तिची गरज आहे. तिला आवडेल अशी उभी, न हलणारी वस्तू दिली की सोफा आणि दार वाचतं.

आणि खिडक्या! घर उंचावर असेल तर जाळी बसवू द्या. मांजर तोल सांभाळतं म्हणून लोक निर्धास्त असतात. १९८७ साली न्यूयॉर्कमधल्या दोन पशुवैद्यांनी उंच इमारतींतून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद प्रसिद्ध केली. उपचार मिळालेल्यांपैकी साधारण ९० टक्के वाचली खरी, पण छातीला मार, फाटलेला टाळू आणि मोडलेले पाय घेऊन. जाळीच्या चार भोकांवरून मालकाने वाद घातला आणि मांजर गेलं, अशी एक केस माझ्या टेबलावर आली आहे. विसरता येत नाही.

चौथामजला

खालच्या मजल्यावर राहणाऱ्याचंही ऐका. वर कुत्रा आहे. भुंकण्याचा त्रास नाही, रात्री साडेअकराला चेंडूचा आहे. फरशीवर चेंडू, त्यामागे नखं, मग पुन्हा चेंडू. एकदा वर जाऊन शांतपणे सांगितलं. त्यांना कल्पनाच नव्हती की खाली इतकं ऐकू येतं. जाड सतरंजी घातली, चेंडू संध्याकाळी संपवतात. करारात शेजाऱ्यांचाही एक शब्द असू द्या: तक्रार आली तर आधी थेट बोलणं, मग मालक.

उंबरठा

रानजाई, तुमचा प्रतिसाद वाचून मी सुन्न झाले. तो बोका आता कसा आहे हे विचारायला काल त्या बाईंना पुन्हा फोन केला. या वेळी न चिडता. त्याला खडे होते, नवीन घरी गेल्यावर निदान झालं, आता वेगळा आहार चालू आहे आणि तो ट्रेमध्येच जातो. नव्या मालकांना त्यांनी मांजराचं आधीच सांगितलं होतं. फोन ठेवताना त्या म्हणाल्या, फळ्यांचा निम्मा खर्च देते. मी घेतला. घ्यावा असंच वाटलं, त्यांनाही हलकं वाटलं असेल.

कडीकोयंडा, अ‍ॅलर्जीचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दोन्हींकडे प्राणीच आहेत, तरी सांगेन.

करार आणि कायदा या दोन्हींबद्दल कुणी लिहिलं तर बरं होईल.

निळीशाई

कायदा देशोदेशी वेगळा आहे, पण दिशा बघण्यासारखी आहे.

फ्रान्समध्ये ९ जुलै १९७० च्या कायद्यानुसार राहत्या घराच्या करारात पाळीव प्राण्यावर बंदीचं कलम घातलं तरी ते रद्दबातल ठरतं. अट एकच, प्राण्याने नुकसान करू नये आणि इतरांना त्रास होऊ नये. धोकादायक म्हणून वर्गीकृत केलेल्या हल्लेखोर कुत्र्यांना मात्र मनाई करता येते. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये सांगितलं की छापील करारातली कुत्र्या-मांजरांवरची सरसकट बंदी वैध नाही. प्रत्येक बाबतीत मालक, भाडेकरू आणि शेजारी यांच्या हिताचा तोल बघायचा. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात २००६ च्या भाडेकरू कायद्याने 'प्राणी नको' हे कलमच निरर्थक केलं. इंग्लंडमध्ये २०२५ च्या कायद्याने भाडेकरूला प्राणी ठेवण्याची लेखी विनंती करण्याचा हक्क दिला आणि मालकाला वाजवी कारणाशिवाय ती नाकारता येणार नाही असं ठरवलं.

इंग्लंडचा आधीचा अनुभवही बोलका आहे. २०१९ च्या कायद्याने अनामतीवर मर्यादा घातली, सर्वसाधारण घरांसाठी पाच आठवड्यांचं भाडं. हेतू चांगला होता, पण प्राण्यासाठी वेगळी अनामत घेण्याची वाटच बंद झाली. जोखमीला आधार उरला नाही की सावध मालक सरळ 'नको' म्हणतो. मालकाची भीती खरी असते, तिला उत्तर दिल्याशिवाय नुसता हक्क देऊन दारं उघडत नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

भारतात एक गल्लत फार होते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की सोसायटीला बहुमताने ठराव करूनही रहिवाशांना प्राणी पाळायला बंदी करता येत नाही. पण हे झालं सोसायटी आणि रहिवासी यांच्यातलं. घरमालक आणि भाडेकरू यांच्यात करार असतो, आणि त्यात काय लिहिलंय ते वाचूनच सही करायची. सोसायटीचा नियम दाखवून मालकाशी भांडता येत नाही आणि मालकाची हरकत नसेल तर सोसायटीने मध्ये पडायचं नाही.

एक अपवाद सगळ्यांनीच लक्षात ठेवा. अंध व्यक्तीचा मार्गदर्शक कुत्रा हा 'पाळीव प्राणी' नव्हे. अमेरिकेत तर अशा साहाय्यक प्राण्यासाठी घरमालकाला प्राण्याचं वेगळं शुल्क किंवा अनामतही लावता येत नाही.

दारचौकट

मी गेली बरीच वर्षं दुसऱ्यांची घरं भाड्याने लावून देण्याचं आणि सांभाळण्याचं काम करते. करारातल्या मुद्द्यांचं सांगते, हे सगळे ठेचा लागून शिकलेले आहेत.

'एक पाळीव प्राणी चालेल' असं मोघम लिहू नका. प्राण्याचं नाव, जात, वय, रंग लिहा, फोटो जोडा. एका मालकांनी 'एक कुत्रा' लिहून घेतला होता. छोटा कुत्रा वारला, त्याच्या जागी मोठा आला, आणि दोघंही आपापल्या परीने बरोबर होते. नवीन प्राणी आणायचा तर आधी विचारायचं, हे शब्दांत असू द्या.

भाडेकरू अचानक रुग्णालयात गेला, प्रवासात अडकला, तर प्राण्याला कोण नेणार? त्या माणसाचं नाव, नंबर आणि सही. हा मुद्दा कुणी लिहीत नाही. बंद घरात अडकलेला कुत्रा शेजाऱ्यांच्या फोनवरून बाहेर काढायची वेळ माझ्यावर आली आहे. दारामागे तो सरपटत येत होता तो आवाज अजून कानात आहे.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आणि उंबरठाच्या अनुभवाशी थेट जोडलेला: नुकसान झाल्यावर ठरलेल्या दिवसांत कळवलं तर फक्त दुरुस्तीचा खरा खर्च, वर एक पैसाही नाही. लपवलं आणि त्यामुळे ते वाढलं तर वाढीव खर्चही भाडेकरूचा. हा मुद्दा सही करताना मोठ्याने वाचून दाखवते. लोक खरंच फोन करतात. "बाल्कनीच्या दाराची जाळी फाडली हो आमच्याने," असा फोन आला की मला बरं वाटतं, कारण जाळी त्याच आठवड्यात बदलली जाते.

झीज आणि नुकसान वेगळं धरा. तीन वर्षांत फरशीची चकाकी कमी होणार, प्राणी असो वा नसो. ती झीज. चौकट कुरतडली, ते नुकसान. हे ठरवायला पहिल्या दिवसाचे फोटो लागतात आणि ते दोघांनी मिळून काढायचे, दारांचा खालचा दोन फुटांचा भाग, खिडक्यांचे कट्टे, कोपरे. सगळे वरवरचे फोटो काढतात आणि भांडण नेमकं खालच्या भागावरून होतं.

घर बघायला तिसऱ्या महिन्यात एकदा, मग वर्षातून दोनदा, आधी कळवून. न सांगता कधीच जाऊ नका.

आणि एक कलम कधीही लिहू नका: 'मालक सांगेल तेव्हा प्राणी घरातून काढावा लागेल.' असं कलम वापरलं की प्राणी रस्त्यावर येतो. मुदत द्या, घर सोडायची नोटीस द्या, पण माणूस आणि त्याचा प्राणी यांच्यात निवड करायला लावू नका.

अंगणतुळस

प्राणी म्हणजे फक्त कुत्रा-मांजर नाही. पाणी लिटरला एक किलो. दोनशे लिटरची माशांची टाकी म्हणजे नुसतं पाणीच दोनशे किलो, त्यात काच, खडी आणि स्टँडचं वजन वेगळं. ती कुठल्या भिंतीला लावणार हे विचारा, शक्यतो तुळई जवळ असलेल्या बाजूला. आमच्या वरच्यांची टाकी रात्री फुटली आणि आमचं छत गळलं. विचारताना 'प्राणी आहे का' असं न विचारता 'घरात आणखी कोणकोण राहणार' असं विचारा, मासे आणि पक्षीही सांगितले जातील.

रानजाई

पिसवांचं राहून गेलं. घर रिकामं झाल्यावर पिसवांचे कोष फटीत, गालिच्यात महिनोन् महिने तग धरतात. आत कुणी चाललं, हादरा आणि ऊब मिळाली की एकदम बाहेर येतात. म्हणून रिकाम्या घरात काही दिसत नाही आणि नवीन माणसं आली की दुसऱ्या दिवशी घोट्यांभोवती चावे. घर सोडताना नीट व्हॅक्यूम आणि फवारणी असं करारात लिहा. पण प्राण्याला नियमित औषध असेल तर हा प्रसंग येतच नाही, त्यामुळे कार्डावर लसींबरोबर पिसवा-गोचिडींच्या औषधाच्या तारखाही बघा. आणि कुत्रा घरी एकटा राहणार असेल तर त्याच्या मालकिणीला फोन रेकॉर्डिंगवर ठेवून बाहेर जायला सांगा. एकटेपणाने भुंकणारी कुत्री बहुतेक पहिल्या अर्ध्या तासातच सुरू होतात.

उंबरठा

सगळ्यांचे आभार. आता काय झालं ते सांगते.

मांजरांच्या जोडप्याला मी मोकळेपणाने सगळं सांगितलं, फोटोही दाखवले. जुन्या मांजराचा वास असलेल्या घरात आपली मांजरं आणायला त्यांना धीर होईना. बरोबरच आहे त्यांचं. त्यांना दुसरं घर मिळालंय.

बारा वर्षांच्या कुत्रीला घर बघायला घेऊन या म्हटलं. बाई आल्या, एका हातात पट्टा, दुसऱ्या खांद्यावर पिशवी. जिना चढताना कुत्री प्रत्येक वळणावर थांबत होती, आणि बाई पट्टा न ओढता तिच्याबरोबर थांबत होत्या. घरात आल्यावर त्यांनी पिशवीतून घडी घातलेली जुनी चादर काढली, खिडकीखाली पसरली आणि मगच "बस" म्हणाल्या. ती बसली. मी एकही प्रश्न विचारायच्या आधी माझ्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं मिळाली होती.

तरी विचारले. दिवसाचे चार तास ती एकटी असते. रेकॉर्डिंग मागितलं तर त्यांच्याकडे आधीपासून होतं, पंधरा मिनिटं पंख्याचा आवाज आणि एकदा एक सुस्कारा. मागच्या मालकांशी बोलले. दारचौकट, तुमचे जवळजवळ सगळे मुद्दे करारात घेतले. 'कळवलं तर फक्त खरा खर्च' हे मोठ्याने वाचलं तेव्हा बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "मग आत्ताच सांगते, तिचं वय झालंय, कधीतरी रात्री झोपेत लघवी होते. तिच्या अंथरुणाखाली मी वॉटरप्रूफ शीट घालते." मागच्या तीन वर्षांत मला असं एक वाक्य ऐकायला मिळालं असतं तर!

पण एक अडचण निघाली. जायच्या आधी कुत्री उठली, हळूहळू आतल्या खोलीत गेली आणि कपाटाजवळच्या त्याच कोपऱ्यात नाक लावून उभी राहिली. फळ्या काढल्यात, रानजाईंनी सांगितलं तसं एन्झाइम दोनदा ओतलंय, मला काडीचाही वास येत नाही. ती मात्र हलेना. भिंतीच्या खालच्या लाकडी पट्टीशी तिचं नाक होतं.

रानजाई

मग तिचंच खरं. लघवी पट्टीमागे झिरपली असणार. पट्टी काढा, मागच्या प्लास्टरवर एन्झाइम, पूर्ण वाळू द्या, सीलर मारा, पट्टी नवीनच लावा. जुना वास राहिला तर म्हातारी कुत्रीही तिथेच जायला लागेल. घाई करून ओल्यावर फ्लोअरिंग टाकू नका.

उंबरठा

आज पट्टी काढली. मागे हातभर तपकिरी डाग निघाला. बाईंना फोन करून सांगितलं की किल्ली दहा दिवस उशिरा देते आणि त्या दिवसांचं भाडं घेणार नाही. त्या म्हणाल्या, चालेल, पण फ्लोअरिंग टाकायच्या आधी तिला परत एकदा आणून तो कोपरा हुंगवून घेऊ. रविवारी येतायत दोघी.